शिंग गेलं कोपऱ्यावरून

दिवाळीआधी हॉलला रंग काढला आणि सोफ्यामागची भिंत एकदम उघडीबोडकी दिसायला लागली. इतकी वर्षं तिथे बँकेचं कॅलेंडर होतं. त्याच्या खिळ्याचं भोकही रंगाऱ्याने लांबी भरून बुजवलं. बायको म्हणाली, "सात घोडे लावू या." सात घोडे आमच्या इमारतीत पाच घरांत आहेत. म्हणजे पस्तीस झाले. मी म्हटलं, जनावरच हवं ना? मग मी आणतो.

आणि मी चित्रकार अल्ब्रेख्त ड्युररचा गेंडा मागवला. साल १५१५. कॅनव्हासवर, चार फूट रुंद.

या गेंड्याचं आणि आपलं जुनं नातं आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फरशहाने तो पोर्तुगीजांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट पाठवला. अल्बुकर्कने गोव्यात बसून विचार केला असणार, की याला ठेवायचं कुठे आणि घालायचं काय. लग्नात आलेला लेमन सेट आपण जसा पुढच्या लग्नात देऊन टाकतो, तसा त्याने तो राजा मॅन्युएलकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये निघालेला गेंडा २० मेला लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली, तर हत्ती पळून गेला. मग राजानेही भेट पुढे ढकलली, थेट पोपकडे. वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळदंडांनी बांधलेला गेंडा बिचारा त्याच्याबरोबर गेला.

ड्युरर बसला होता न्यूरेंबर्गमध्ये. त्याने गेंडा कधीच पाहिला नाही. कोणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने अंगाला चिलखताचे पत्रे चढवले, पायांना खवले काढले आणि खांद्यांच्या मधोमध एक जादा छोटं शिंग बसवून दिलं. चित्राच्या वरच्या मजकुरात सालसुद्धा १५१३ पडलंय. तरी पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपात गेंडा म्हटला की हाच. ऐकीव माहितीवर एवढा आत्मविश्वास मी फक्त आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाहिलाय.

जाहिरातीत 'व्हिंटेज एनग्रेव्हिंग' लिहिलं होतं. ते चूक. एनग्रेव्हिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावर रेघ खोदतात, शाई त्या खाचेत बसते. हा लाकडी ठसा. यात रेघ उंच ठेवून आजूबाजूचं लाकूड कोरून काढतात. हा फरक मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. चहा गार होतो, पण सांगतो.

चित्र आलं. मूळ चित्र जेमतेम झेरॉक्सच्या कागदाएवढं आहे. त्यातली केसाएवढी रेघ आमच्याकडे सुतळीएवढी होऊन आली. सोफ्यावर गुडघे टेकून जवळून पाहिलं, तर गेंडा नाहीच, नुसती चटईची वीण. ते एक वेळ चाललं असतं. पण ऑर्डर देताना "फ्रेम की रॅप?" असं विचारलं होतं आणि मी रॅप म्हणालो होतो, कारण तो शब्द नवा वाटला. रॅप म्हणजे कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणून त्याच्या कडा बाजूला दुमडायच्या. चौकट दीड इंच जाड. आणि ड्युररने गेंडा कागदात अगदी कोंबून बसवलेला, थोबाड उजव्या कडेला जवळजवळ टेकलेलं.

शिंग दुमडलं गेलं.

समोरून पाहिलं तर नाकावर शिंग नाही, पाठीवर मात्र आहे. खऱ्या गेंड्याला जे असतं ते कोपऱ्यावरून वळून गेलं आणि जे नसतं ते दिमाखात मधोमध राहिलं. मी तक्रार केली. उत्तर आलं, "सर, शिंग दिलेलं आहे. कृपया बाजूने पाहावे."

"परत पाठवा," बायको म्हणाली.

"मापाने बनवलेलं परत घेत नाहीत."

"मग राहू दे. गेंड्याच्या कातडीचं एक घरात होतंच, आता जोडी झाली."

ड्रिलवाला दुपारी दोन ते चार या निषिद्ध वेळेतच उगवला. त्याने बुजवलेल्या भोकाच्या अगदी शेजारी नवं भोक पाडलं, म्हणाला जुन्या जागी पकड नाही. वरच्या मजल्यावरचे काका आवाजाबद्दल भांडायला आले आणि चित्रापाशी थांबले. "कासव का?" त्यांनी विचारलं. मी हसलो नाही. गेंड्याचा रंग ठिपक्यांच्या कासवासारखा आहे, असं ड्युररच्याच मजकुरात लिहिलंय. काकांना ते सांगितल्यावर ते भांडण विसरून बसले. मग मी लाकडी ठशाचं सुरू केलं, तेव्हा उठले.

आईची मला धास्ती होती. गावाहून आली, पिशवी दारातच ठेवली आणि तिथूनच भिंतीकडे बघत राहिली. आमचं दार उजव्या हाताला आहे. तिथून गेंडा दिसत नाही, चौकटीची कड दिसते.

"शिंग लावलंस होय भिंतीला?" ती म्हणाली. "बरं केलंस. दारातल्या काळ्या बाहुलीचा दोरा कुजलाय, ती काढून टाक आता."