कुलूप फोडा, उपकार होतील

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या कंपन्यांना घरासाठी एकच साचेबंद पॉलिसी विकायला लावली. तारीख हा योगायोग समजावा. नाव भारदस्त, ‘भारत गृह रक्षा’. मूळ पॉलिसीत चोरीची भरपाईही आहे बरं का! फक्त ती चोरी आग, पूर, भूकंप अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली हवी. एरवीच्या चोरीसाठी घरफोडीचं कवच वेगळं घ्यायचं.

आमच्या शेजारच्या नानांनी तेही घेतलं होतं. पण त्यांचा चोर पडला सभ्य. तो बनावट किल्लीने आला, कपाट नीट लावून गेला. कंपनीला असा चोर चालत नाही. तिला कोयंडा उचकटलेला लागतो, गज वाकवलेले लागतात. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ साली हरचंद राय चंदन लाल प्रकरणात सांगून ठेवलंय की, पॉलिसीच्या व्याख्येत बळजबरी लिहिली असेल, तर नुसत्या चोरीला पैसे नाहीत. तेव्हा चोरबंधूंनो, जाताना निदान एक कडी तरी तोडत जा. नानांच्या नशिबाने न्हाणीघराची जाळी कापलेली निघाली. अख्ख्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग सर्व्हेयर आले. टीव्हीचा घसारा काढून त्यांनी जो आकडा लिहिला, त्याहून चोरबाजारात बरा भाव आला असता. आईच्या पाटल्यांची पावती मागितली. ती पेढी कधीच बंद पडलेली. तरी नानांनी कुठून कुठून पावत्या गोळा करून दिल्या.

एफआयआर झाला, पंचनामा झाला. राहिली ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा, पण गुन्हेगार सापडत नाही, असा पोलिसांचा कोर्टातला अहवाल. तो मिळाल्याशिवाय कंपनी फाइल हलवेना. नाना दर सोमवारी ठाण्यात जाऊन साहेबांना काळजीने विचारत, “सापडला नाही ना?” विमा लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर थांबावं लागतं. नाना थांबले.

आणि तेवढ्यात पोलिसांनी चोर पकडला.

आता कंपनी म्हणते, वस्तू मिळाल्यात, मग दावा कसला? कोर्ट म्हणतं, मुद्देमाल सोडवायचा तर अर्ज करा, मूळ पावत्या जोडा. पावत्या सर्व्हेयरकडे आहेत.