चालू आहे, हात लावू नये

उंब्रजला बाजारपेठेतल्या एका बोळात आप्पांचं दुकान आहे. पुढच्या खोलीत डीटीपी, मागच्या खोलीत छपाई आणि वर माळ्यावर स्मशान. शाळेनं, पतसंस्थेनं, कुणाकुणाच्या मुलांनी भंगारात काढलेले पंधरा-वीस कॉम्प्युटर त्या माळ्यावर पोटं फाडून पडलेले असतात. आप्पा त्यांना भंगार म्हणू देत नाहीत. "त्येंनी देहदान केलंय," म्हणतात.

हे देहदान ज्या एका जीवासाठी चाललंय तो खाली टेबलावर बसलेला असतो. मूळचा पांढरा, आता ताकातल्या पिठल्याच्या रंगाचा. समोर पंधरा इंची काचेचा मॉनिटर, त्याच्या पाठीला एवढं मोठं कुबड की टेबल भिंतीपासून हातभर पुढं ओढावं लागलंय. कपाळावर खाकी चिकटपट्टीनं कागद डकवलेला: 'चालू आहे. हात लावू नये.' हा कागदही त्याच मशीनवर कंपोज केलेला. चोवीस पॉइंटात, ठळक, भोवती लग्नपत्रिकेची वेलबुट्टी.

या मशीनमध्ये विंडोज एक्सपी आहे आणि एक्सपीच्या पोटात पेजमेकर. मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे काडेपेटीएवढा डोंगल, मागच्या प्रिंटरच्या पोर्टात रोवून बसवलेलं आहे. तो डोंगल हलला तर आख्ख्या पंचक्रोशीची लग्नं खोळंबतील अशी आप्पांची खात्री आहे, आणि एकेकाळी ती फारशी चुकीचीही नव्हती.

रोज सकाळी ते आधी मशीनला उदबत्ती ओवाळतात, मग बटण दाबतात. बीप होते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मशीन सांगतं की आतली बॅटरी संपली आहे, मला काहीही आठवत नाही, पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा. आप्पा एफ-वन दाबतात. घड्याळात 1 जानेवारी 2002 ही तारीख येते. गेली कित्येक वर्षं आप्पांच्या दुकानात रोज 1 जानेवारी 2002 उजाडते आहे.

"आप्पा, तीस-चाळीस रुपयांचा सेल मिळतो. बटणाएवढा. टाका की एक."

"टाकलावता. तारीख बरोबर लावली, आन् त्याच दिवशी हार्डडिस्क बसली. काढून टाकला सेल. आपलं वय किती झालं ह्ये ज्याचं त्याला कळू द्यू नये लका, माणूस खचतोय."

आप्पांना कुणी जुनाट म्हटलं तर माझ्या चुलत्यांना राग येतो, कारण त्यांनी मूळचे आप्पा पाहिलेत. ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे, खणाखणाच्या लाकडी केसेस, पायानं मशीन मारत हातानं कागद सरकवायचा. त्या काळात सबंध बोळात कॉम्प्युटर पहिल्यांदा आणला तो आप्पांनी. लोक बघायला यायचे. वडील महिनाभर बोलले नाहीत. खिळे जुळवायला बसणाऱ्या आपल्याच हातांना आप्पांनी तेव्हा निवृत्त केलं. म्हणजे हा माणूस बदलाला भिणारा नव्हे. तो एकदा बदललेला आहे, आणि तेवढं एका जन्माला पुरे असं त्याचं गणित आहे. "सारखं सारखं बदलायला मी काय पुढारी हाय व्हय?"

पेजमेकर हे मूळ आल्डस कंपनीचं अपत्य, 1985 चं. पुढं अ‍ॅडोबीनं ती कंपनीच घेतली आणि 2001 साली सातवी आवृत्ती काढून तिथंच थांबली. मराठी मुलखातल्या निम्म्या पत्रिका, जाहीरनामे, दिवाळी अंक नि दहाव्याच्या चिठ्ठ्या ज्यावर जुळल्या, ते हत्यार तेव्हापासून वारसाशिवाय आहे. आप्पांना यातलं काही सांगायला गेलं की ते शांतपणे विचारतात, "फावड्याची नवी आवृत्ती कवा आली ती?"

8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार काढून घेतला. आप्पांचा भाचा तेव्हा कराडला इंजिनिअरिंगला होता. तो धावत आला. "मामा, आजपासून एक्सपीला सपोर्ट बंद!"

आप्पा पत्रिकेला हळद लावत होते. मान वर न करता म्हणाले, "आजपातूर मला कवा दिलावता?"

मग 2017 च्या मे महिन्यात तो वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर फिरला. दवाखान्यांची मशीनं बंद पडली, शेवटी मायक्रोसॉफ्टला मेलेल्या एक्सपीसाठीही औषध काढावं लागलं. भाच्यानं काळजीनं फोन केला. आप्पा म्हणाले, "यील कुठनं? व्हायरसला याला रस्ता लागतो. उंब्रजला हायवे हाय, माझ्या मशीनला न्हाई." खरंच आहे. त्या मशीनला इंटरनेटची तार कधी शिवलीच नाही. पेनड्राइव्हसुद्धा ते पाहुण्याच्या चपलेसारखा बाहेर काढायला लावतात. आधी शेजारच्या मोबाइल दुकानात तपासून आण, मग आत ये.

भाच्यानं एकदा चूक केली. मामाची जिरवावी म्हणून त्यानं पॅरिसच्या विमानतळाची गोष्ट सांगितली. 2015 च्या नोव्हेंबरात ऑर्ली विमानतळावर दाट धुक्यात विमानं अडकली, कारण वैमानिकांना हवामान कळवणारी यंत्रणा बंद पडली. आणि ती चालत होती विंडोज थ्री-पॉइंट-वनवर. "बघा मामा, जुनं वापरलं की काय होतं!" मामांनी नेमकं उलटं उचललं. तेव्हापासून गिऱ्हाईक कुरकुरलं की आप्पा खुर्ची मागं झुकवतात. "पॅरिसची इमानं 1992 च्या विंडोजवर उतरत व्हती. माझं तर त्येच्यापेक्षा नऊ वर्सांनी तरणं हाय!"

त्या पुढचं अस्त्र खास गावातलं. उंब्रजचा मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी, 1649 चा. चुना, वाळू आणि तागाचा केलेला आहे असं सांगतात. आप्पा बोट तिकडं करतात. "चुन्याचा द्येव उभा हाय. त्येनं कवा अपडेट मागितलं?" यावर बोलणं संपतं. मारुतीपुढं कोण काय बोलणार.

एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी, वर निळं आभाळ नि पांढरे ढग, आप्पांच्या मते सडावाघापूरच्या पठाराची आहे. हा फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या माणसानं 1996 साली कॅलिफोर्नियात काढला, असं मी सांगून पाहिलं. आप्पांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "भाद्रपदात ये. दाखवतो."

तर या माणसाकडं मी गेलो ते पुतण्याच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी. मजकूर मोबाइलवर तयार होता. शेजारच्या मोबाइलवाल्याकडून पेनड्राइव्ह पवित्र करून आणला. आप्पांनी मजकूर उचलून पेजमेकरात टाकला आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली. पत्रिकेभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बग," आप्पा म्हणाले, "मशीन किती प्रश्न इचारतंय तुला. पोरगी कुठली, मुहूर्त कवाचा, हॉल कुठला..."

पेजमेकरला युनिकोड कळत नाही. आणि युनिकोडवाल्यांना आप्पा कळत नाहीत. त्या जुन्या फॉन्टांत मराठी अक्षर इंग्रजी अक्षराचं सोंग घेऊन बसलेलं असतं. आप्पांच्या एखाद्या फाइलीवरचा फॉन्ट काढून घेतला तर 'मराठी' हा शब्द असा दिसतो: एक खालची आडवी रेघ, धाकटा ए, धाकटा एम, थोरला आर, मग मोठ्यापेक्षाचं चिन्ह, आणि शेवटी धाकटा आर. वीस-बावीस वर्षांचं गाव त्या डिस्कवर अशा सोंगात झोपलेलं आहे.

भाचा हिंजवडीला लागल्यावर त्यानं मामांना सोडवायचं ठरवलं होतं. नवा लॅपटॉप आणला. जुनी सीडी घातली. लॅपटॉप म्हणाला, हे आपल्या इथं चालणार नाही. सॉफ्टवेअर बत्तीस बिटांचं होतं, पण ते बसवून देणारा सेटअप त्याहून जुना, सोळा बिटांचा; आणि चौसष्ट बिटांचं विंडोज सोळावाल्यांना उंबऱ्याच्या आत घेत नाही. मग कम्पॅटिबिलिटी मोड, म्हणजे नव्यानं जुन्याचं सोंग घ्यायचं. "नव्या सुनंनं सासूचं नऊवारी न्येसून बसायचं," आप्पांनी गावाला समजेल असं भाषांतर केलं. सून नेसली, पण चालेना. मग भाच्यानं विंडोज अकराच्या आत व्हर्च्युअल मशीन करून त्यात एक्सपी बसवलं. खिडकीच्या आत खिडकी, तिच्यात सडावाघापूरची टेकडी. पेजमेकर उघडला! आप्पांचे डोळे क्षणभर चमकले. मग त्यांनी डोंगल हातात घेतला आणि लॅपटॉपभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"ह्यो कुठं घालू?"

लॅपटॉपला प्रिंटरचं ते रुंद पोर्टच नव्हतं. यूएसबीतून तसलं पोर्ट काढणारी वायर कराडहून आणली. ती प्रिंटर ओळखायची, कुलूप नाही. शेवटचा उपाय म्हणून भाच्यानं सगळ्या फाइली युनिकोडात बदलणारा एक प्रोग्रॅम चालवला. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, शिशाच्या खिळ्यांच्या काळापासून हात तसाच बसलेला. युनिकोडात ती अक्षराच्या नंतर येते. प्रोग्रॅमला ते नीट उमगलं नसावं. पत्रिका उघडली तर 'किलबिल'ची 'कलिबल' झालेली, आणि पहिली वेलांटी ओळीच्या तोंडाशी ठिपक्यांच्या गोलावर एकटीच, नवरी निघून गेलेल्या मांडवासारखी. आप्पांनी लॅपटॉप मिटला. त्यावर आता ते पंचांग ठेवतात.

मला म्हणाले, "मजकूर ऱ्हाऊ द्ये. तुझ्या चुलत्याच्या थोरल्याची पत्रिका हाय ह्यात. तीच काढू."

आता ती शोधायची कशी? सगळ्या फाइलींची तारीख 1 जानेवारी 2002. पण आप्पांनी फाइलींना नावं घराच्या खुणेवरनं ठेवलेली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली ती यादी खाली सरकत गेली: विहिरीजवळचे. रिटायर मास्तर. मोठी भावकी. मोठी भावकी रुसलेली. पाल यात्रा. संगमावरचे. आणि 'उधारी बाकी'.

"ही तुमची," आप्पा सहज म्हणाले.

मी गप्प बसलो. आमच्या घराची गावातली खूण इतकी थेट असेल असं वाटलं नव्हतं.

दोनदा टिचकी मारली आणि मशीन मध्येच गोठलं. आप्पांनी बंद केलं, झाकण उघडलं, आतली रॅमची पट्टी उपसली, तिची सोनेरी कडा शाळेच्या खोडरबरानं खसाखसा घासली, सायकलच्या पंपानं दोन फवारे मारले, परत बसवली. माळ्यावरून एक वायर काढून आणून बदलली. हे सगळं करताना ते मला पालच्या यात्रेचं सांगत होते. पौषात पालला खंडोबा नि म्हाळसाचं लग्न लागतं, त्या वर्षी यात्रेची हँडबिलं मशीनमध्ये आणि मशीनचा पॉवर सप्लाय जळालेला. "आपल्या पोरांची लगीनं फुडं ढकलता येत्यात. द्येवाचा गोरजमुहूर्त कसा ढकलायचा? रात्री माळ्यावर गेलो, शाळेच्या मशीनचा सप्लाय काढला, पतसंस्थेचा पंखा लावला. पहाटं चार वाजता टेकडी दिसली. येळकोट येळकोट म्हणलो."

बीप. एफ-वन. टेकडी. बावीस वर्षांपूर्वीची पत्रिका उघडली.

वर देवाचं नाव, खाली निमंत्रकांची फौज, तळाला किलबिल. आप्पांनी चष्मा पुसला आणि निमंत्रकांवरून बोट फिरवू लागले. आजोबांच्या नावाआधी 'कै.' घातलं. दोन काकू काढल्या, जरा थांबून एकीला परत घेतली, "ही हाय न्हवं?" "आहेत, पण..." "मग ऱ्हाऊ द्ये. नाव न्हाई म्हणून भांडान व्हण्यापरीस नाव हाय म्हणून झालेलं परवडतं." सरपंच बदलले. फेट्याचा मान बदलला. मग खाली किलबिलीत आले. पाच नावं होती, पहिलं नाव आमच्या पुतण्याचं. तेव्हा तीन वर्षांचा होता. मांडवात वाजंत्र्यांच्या ढोलकीवर झोपला होता, मला आठवतं.

आप्पांनी ते नाव काळं केलं. कट. पत्रिका वर सरकवली. आपल्या काकाच्या नावाच्या जागी, 'चि.'च्या पुढं, ठेवलं. पेस्ट.

"झालं," म्हणाले. "एवढंच काम."

पडदा क्षणभर लुकलुकला. मशीनचा पंखा घरघरत होता. आप्पांनी अक्षरं दोन पॉइंटानं मोठी केली, नवरीचं नाव आपल्या टायपिंग क्लासच्या बोटांनी खटखट मारलं, वेलांटी आधी, अक्षर मागनं. मग किलबिलीची रिकामी झालेली जागा दाखवून म्हणाले, "हितं कोण घालू?" मी माझ्या नातीचं नाव सांगितलं.

ट्रेसिंग निघालं. बिलही त्याच मशीनवर निघतं. त्यावर डोक्याला ठसठशीत तारीख: 1 जानेवारी 2002.

"आप्पा," मी संधी साधली, "तारीख 2002 ची, मग दरही 2002 चाच लावा."

"तारीख मशीनची हाय," आप्पा म्हणाले. "दर माझा हाय."

मी हजार रुपये आगाऊ दिले, बाकीचे पत्रिका न्यायला येईन तेव्हा देतो म्हणालो. आप्पांनी मान डोलावली आणि फाइल नव्या नावानं जतन करायला घेतली. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. एका बोटानं, सावकाश, इंग्रजी अक्षरांत ते लिहीत होते: उधारी बाकी दोन.