वादळवारं आणि पत्रे

वादळाची मराठी गाणी ऐकून कुणालाही वाटेल की वादळात कामं दोनच : होडी सांभाळायची नाहीतर प्रेमात पडायचं. आमच्या यवतला समुद्र नाही. आणि ऐन वळवात प्रेमात पडायला सवड कुणाला? पत्रे धरायचे असतात.

वैशाखातलं लग्न. बँजोवाल्यांनी ‘वादळवारं सुटलं गो’ धरलं, तशा करवल्या पदर खोचून वल्ही मारू लागल्या. जवळात जवळचं पाणी म्हणजे खडकवासल्याचा कालवा, तोही आवर्तन संपल्यामुळे कोरडा. दुसरं कडवं सुरू होतंय तोच भुलेश्वराच्या डोंगराकडून आभाळ काळंठिक्कर झालं, धुळीचा लोट आला आणि मांडवाचं कापड फुगलं. बांधावरून वर्षानुवर्षं बोलणं टाकलेले दोघं चुलतभाऊ एकाच खांबाला लोंबकळले. कोपऱ्यातून एक आबा ओरडले, “बंद करा रे ते गाणं! वर ऐकू जातंय!” पण लाइट आधीच गेली होती, गाणं आपोआपच बंद पडलं. पाऊस पाडायला तानसेनाला मल्हार आळवावा लागला म्हणतात. आमच्याकडे बँजोवर भागलं.

गंमत पुढेच आहे. हे समुद्राच्या वादळाचं गाणं हृदयनाथांच्या चालीवर लताबाईंनी गायलं, पण लिहिलं शांता शेळक्यांनी. आणि शांताबाईंचा जन्म 1922 सालचा, इंदापूरचा. म्हणजे आमच्याच सोलापूर रस्त्यावरचा! तिथून समुद्र यवतपेक्षाही लांब.

मग मला नादच लागला. ‘वरदक्षिणा’ (1962) या चित्रपटात मन्ना डे ‘घन घन माला’ गातात तेव्हा ढग खरोखर गडगडतात. ते लिहिणारे गदिमा शेटफळ्याचे, आटपाडीकडच्या दुष्काळी माणदेशातले. ‘जैत रे जैत’मधल्या (1977) ‘नभ उतरू आलं’चे ना. धों. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे, हाडाचे शेतकरी. पावसाची गाणी लिहावीत ती कोरडवाहू माणसांनीच, असं माझं ठाम मत झालंय. पाडगावकर वेंगुर्ल्याचे, हे कबूल. पण कोकणात पाऊस उतू जातो, म्हणून त्यांना तो ‘भेट तुझी माझी स्मरते’सारखा प्रेमावर खर्चायला परवडला. आमच्याकडे तो उसालाच पुरत नाही.

या हिशेबाने सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतलं यवत म्हणजे वादळगीतांचं माहेरघरच व्हायला हवं. झालं नाही. कारण आमच्या वादळाचं खरं कडवं गुऱ्हाळावर घडतं. अंगणभर चिपाडं वाळत पडलेली, चुलवाण धडधडतंय, काहिलीत रस आटत आलाय आणि टपोरे थेंब सुरू होतात. काहिलीपाशी गुळव्या आणि अंगणात मालक, दोघांची धावपळ एकदमच. चिपाडं भिजली की जळण गेलं, जळण गेलं की आधण अर्ध्यावर. तिकडे उभा ऊस फडात लोळलेला. अशा वेळी मालकाच्या तोंडून जे बाहेर पडतं त्याला लय असते, यमकही असतं, पण ते आकाशवाणी लावणार नाही.

वादळवाऱ्यात टिकणारं गाणं मी यवतमध्ये ऐकलंय ते तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाला. पाऊस कोसळतोय, लाइट नाही, गावकीचं पिठलं-भाकरी खाऊन दिंड्या टेकलेल्या. वारकरी स्वतः भिजतो, पण मृदंगाला प्लॅस्टिकचा कागद पहिला. कातडं ओलावलं की आवाज बसतो. थोड्या वेळाने कुणीतरी आडोशाला कागद सोडतो, धुमेला कणीक लावतो, आणि अंधारात अभंग सुरू होतो. कुणी ॲम्प्लिफायरची चौकशीसुद्धा करत नाही.

तेव्हा दौंड-शिरूरकडच्या कवींना विनंती एवढीच : वळवावर एक गाणं लिहाच. नायिकेला हवं तेवढं भिजवा, पण आधी चिपाडांवर ताडपत्री टाका. आणि चाल बिनलाइटीची लावा.