फुलं पडली, पगाराचं बघू

भिलईत सेक्टर 10 मध्ये कुणाला धाप लागली, तर रिक्षावाल्याला पत्ता समजावत बसावं लागत नाही. स्टील प्लांटचं जवाहरलाल नेहरू रुग्णालय शेजारच्याच सेक्टरात. गावाच्या लेखी ते नुसतं ‘सेक्टर नाइन’. आणि वॉर्ड इथला असो वा रायपूरचा, रात्री दोनची हाक ठरलेली: “सिस्टर, बॉटल खतम हो गई!” सिस्टर एका हातानं सिरिंज भरत असते, दुसऱ्यानं रजिस्टर.

भारतीय परिचर्या परिषद सांगते, साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स असावी. सरकारी रुग्णालयात खाली गादी टाकून झोपवलेल्यांना या भागाकारात कुठं बसवायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवावं.

सरकार काहीच करत नाही, असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं सुचवलं की, खासगी रुग्णालयानं 200 हून जास्त खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा. 50 पेक्षा कमी असल्या तरी 20 हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारस राज्यांकडे रवाना झाली. केरळनं संपाचा दट्ट्या बसल्यावर 2018 मध्ये किमान पगार ठरवला; बाकी बऱ्याच ठिकाणी फाइल अजून निरीक्षणाखाली आहे. त्याच 2016 मध्ये केंद्रानं ‘स्टाफ नर्स’चं ‘नर्सिंग ऑफिसर’ करून टाकलं. ते चटकन झालं. पाटी रंगवायला असे कितीसे पैसे लागतात?

छत्तीसगडच्या सरकारी नर्सनी 2018 च्या उन्हाळ्यात 4600 चा ग्रेड पे मागितला आणि संप केला. सरकारनं एस्मा हा संपबंदीचा कायदा लावला, म्हणजे सेवा अत्यावश्यक असल्याचं लेखी प्रमाणपत्रच दिलं, आणि शेकडो जणींना रायपूरच्या तुरुंगात धाडलं. माणशी नर्सचं इतकं उत्तम प्रमाण राज्यात त्याआधी कुठल्या वॉर्डानं पाहिलं नसेल.

दोनच वर्षांनी, कोरोनाच्या साथीत, 3 मे 2020 ला, आरोग्यसेवकांच्या गौरवासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून रुग्णालयांवर फुलं पडली. ती झाडली कुणी, याची नोंद नाही.

महाराष्ट्र तर आणखी पुढे. 2022 मध्ये तिथल्या नर्स कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. 2024 मध्ये राज्यानं जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्गशी मनुष्यबळ पुरवायचा करार केला. यादीत नर्स आहेतच, भाषेची शिकवणीही सरकारी खर्चानं. पगारवाढ कुठल्या भाषेत मागावी, तो वर्ग मात्र अजून सुरू व्हायचा आहे.