उपाशी मेले की मारले?

जेवायला अर्धा तास उशीर झाला की इंग्रजी माध्यमातली मुलं म्हणतात, ‘आय अ‍ॅम स्टार्व्हिंग!’ मुलांनी म्हणावं. मोठ्यांनी मात्र या क्रियापदाचा इतिहास एकदा वाचावा, कारण त्यात आपलीही माणसं मेली आहेत.

जुन्या इंग्रजीत स्टार्व्ह म्हणजे नुसतं मरणं. त्याचा जर्मन भाऊबंद ‘श्टेर्बन’ आजही त्याच अर्थानं वापरतात. इंग्रजीत मात्र अर्थ आक्रसत गेला. उत्तर इंग्लंडच्या बोलीत गारठून जाणं एवढाच उरला. इतरत्र सोळाव्या शतकापासून भुकेनं मरणं हा अर्थ रुळला, आणि त्याच सुमारास दुसऱ्याला उपाशी मारणं हाही. म्हणजे क्रियापद अकर्मकही आहे आणि सकर्मकही.

1775 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटात अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडचा व्यापार आणि मासेमारी रोखणारं विधेयक आलं. त्या चर्चेत खासदार हेन्री डंडास यांनी याच क्रियापदापासून बनलेला ‘स्टार्व्हेशन’ हा शब्द वापरला आणि ‘स्टार्व्हेशन डंडास’ हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. हेच डंडास 1793 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष झाले.

पुढे 1877. दख्खनमध्ये दुष्काळ. दुष्काळी कामावर राबणाऱ्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा पुरे, असं दुष्काळ पाहणीसाठी सरकारनं पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी ठरवलं. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडे दाद मागितली. त्याच काळात हिंदुस्थानचा गहू बोटीत भरून इंग्लंडला जात होता.

आणि आपण अजून काय लिहितो? ‘दुष्काळात लाखो लोक मेले.’ क्रियापद अकर्मक, कर्ता गायब, दोष पावसाचा. हे अर्धसत्य आहे. पाऊस पडला नाही, हे निसर्गाचं. मजुरी तोडली आणि धान्य बाहेर जाऊ दिलं, हे माणसांचं. त्या माणसांना नावं होती, हुद्दे होते, त्यांच्या सह्यांचे हुकूम होते.

इतिहास शिकवणाऱ्यांना, लिहिणाऱ्यांना एकच विनंती: दुष्काळावरचं वाक्य सकर्मक लिहा. कोणी, कोणाला आणि कोणत्या हुकुमानं उपाशी ठेवलं, हे मुलांना कळलंच पाहिजे.