कोण लागतात ते तुमचे?

"हे आमच्या साडूंच्या धाकट्या भावाचे सासरे," असं सांगून ओळख करून देणारा मांडवात पुढे निघून जातो. उरलेले दोघं हात जोडून "म्हणजे घरचेच की!" म्हणतात आणि आपण एकमेकांचे नक्की कोण, या विवंचनेत शेजारी बसून मठ्ठा पितात.

तसा मराठीला नात्यांच्या शब्दांचा तोटा नाही. बायकोची थोरली बहीण अक्कडसासू, बायकोची मावशी मावससासू, पुतण्याची बायको पुतणसून, नातीचा नवरा नातजावई. (अक्कडसासू हा शब्द ज्याने काढला, त्याचं सासर फार कडक असणार.) पण साडू-जाऊ असे अपवाद सोडले तर ही श्रीमंती एका लग्नापुरतीच. मधे दुसरं लग्न आलं की भाषा हात टेकते. व्याही ठीक; व्याह्यांच्या व्याह्यांना काय म्हणायचं? सुनेच्या वहिनीला? गावाकडे यावर एकच उतारा आहे: पाव्हणं. "पाव्हणं कुणीकडचं?" एवढं विचारायचा अवकाश, की अर्धा तास गावं, आडनावं आणि कुणाची पोरगी कुठे दिली यात जातो आणि नातं निघतंच. न निघालं तर एखादी सोयरीक जुळवून काढतात.

उलट गोंधळ मामाच्या मुलीशी लग्न करण्यात. ही चाल आपल्याकडे अनेक जातींत होती. त्यामुळे सुनेची सासू ही मुळातच तिची आत्या असायची. जुन्या सुना सासूला 'आत्याबाई' आणि सासऱ्यांना 'मामंजी' म्हणत, ते उगाच नाही. छळ झालाच तर तो घरचाच. पण अशा लग्नात मामाने उभं कुठे राहायचं? तो नवऱ्या मुलाचा मामा, म्हणजे वरपक्षाकडचा मानकरी. आणि नवरीचा बाप, म्हणजे वरपक्षापुढे वाकणारा. आमच्या नात्यातल्या एका मामांनी मामाच्या मानाचा फेटा ऐटीत बांधून घेतला आणि त्याच फेट्यासकट जावयाचे पाय धुवायला बसले. फेट्याचा शेमला सारखा ताम्हनात पडत होता. "फेटा काढा," असं कुणी म्हणेना. मान कुणी उतरवायचा?

सरकारनेही नात्यात हात घालून पाहिला. मराठा आरक्षणाच्या आंदोलनात 'सगेसोयरे' हा शब्द कळीचा ठरला आणि 26 जानेवारी 2024 च्या अधिसूचनेच्या मसुद्यात त्याची व्याख्या आली. हरकती मागवल्या, त्या लाखांनी आल्या. आरक्षणाचं राजकारण राहू द्या. पण सोयऱ्यांची व्याख्या करून हरकती मागवल्या, तर आमच्या एकट्या घरातून ट्रंकभर जातील आणि पहिली धाकट्या आत्याची असेल.

खरी कसोटी माईकवाल्याची. टॉवेल-टोपीसाठी तो चिठ्ठीवरची नावं पुकारतो तेव्हा "वराच्या मामेसासऱ्यांचे व्याही" इथपर्यंत तो तग धरतो, मग "आणि राहिलेले सर्व पाहुणे" म्हणून मोकळा होतो. राहिलेल्यांतला एखादा हमखास रुसतो. त्याची समजूत काढायला त्याच्या जवळच्या नात्यातला माणूस पाठवावा लागतो, आणि तो कोण हे ठरेपर्यंत जिलबी संपलेली असते.