ओव्हर म्हण, ओव्हर!

शिकारीत शांतता पाळायची असते, हे विस्कॉन्सिनमध्ये सगळ्यांना मान्य आहे. ते मान्य करून झालं की प्रत्येक जण खिशातून वॉकीटॉकी काढतो.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि माणसं भडक नारिंगी जाकिटं घालून जंगलात शिरतात. २०१६ पासून गुलाबीही चालतं. हरणाला नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही म्हणे. त्याचे कान मात्र फार तिखट. डोळ्यांपासून लपायची अशी सोय करून आपण कानांसाठी खरखरणारं यंत्र घेऊन जातो.

आमची टोळी तिघांची. ज्यांच्या रानात आम्ही जातो ते निवृत्त शेजारी, साताऱ्याचा एक मित्र आणि मी. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकारीवर बंदी, आणि इथे १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं शिक्षण घ्यावंच लागतं. तेव्हा आम्ही दोघं पन्नाशीच्या आसपास पुन्हा बाकावर बसलो. बंदूक घेऊन कुंपण कसं ओलांडावं ते शिकलो. वॉकीटॉकीचं बटण सोडून समोरच्याला बोलू कधी द्यावं, हा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

या यंत्रावर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. साताऱ्यात ही पद्धत नाही. मित्र बटणावर अंगठा ठेवतो आणि सुरू होतो: "हॅलो. मी बोलतोय. ऐकू येतंय ना? थंडी काय रे ही! तू डबा उघडलास का?" त्याच्या मचाणाखालून हरीण डुलत चाललंय हे मला दिसत असतं, पण त्याचा अंगठा सुटेपर्यंत ते त्याला सांगणार कसं? अंगठा सुटतो तोवर हरीण पुढच्या तालुक्यात. "ओव्हर म्हण, ओव्हर!" असं मी बजावतो. "अरे, संपलंय कुठे अजून?" हे त्याचं उत्तर.

पाकिटावर पल्ला लिहिला होता पस्तीस मैल. तो डोंगरमाथ्यावरून मोकळ्या दरीत बोलणाऱ्यांसाठी. बिनपरवान्याच्या या यंत्रांना जास्तीत जास्त दोन वॉटची मुभा. झाडीत आणि टेकाडांत मैलभर आवाज पोचला तरी पेढे वाटावेत. शेजारच्या मिनेसोटात तर रेडिओच्या मदतीने शिकार करायला कायद्यानेच मनाई आहे. तिथल्या हरणांचा मला हेवा वाटतो.

विस्कॉन्सिनचा कायदा जास्त मजेदार आहे. टोळीतल्या एकाने दुसऱ्याच्या वाट्याचं हरीण मारलेलं चालतं, पण त्या वेळी दोघांचा संपर्क हवा. संपर्क म्हणजे एकमेकांना दिसणं किंवा एकमेकांचा आवाज ऐकू येणं, तेही आवाज वाढवणाऱ्या कुठल्याही यंत्राशिवाय. सूट फक्त श्रवणयंत्राला. शेजारी ते वापरतात. "तुमची खेळणी कायद्याच्या खिजगणतीत नाहीत," ते सांगतात, "माझा कान आहे."

यंदा मित्राने 'प्रायव्हसी कोड' लावला. या कोडमुळे इतरांचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही; आपलं मात्र त्या चॅनेलवर कोड न लावलेल्या प्रत्येकाला ऐकू जातं. हे सांगितलं तर म्हणाला, "जाऊ दे की. मराठी कोणाला कळतंय इथे?" आणि त्याने आमच्या शेजाऱ्यांच्या नेमबाजीवर सविस्तर मत दिलं. पाठोपाठ त्यांच्या बायकोच्या कॉफीवर.

दुपारी डब्याच्या वेळी त्याने कंटाळून कोड काढला. लगेच खरखर झाली आणि अनोळखी आवाज आला, "साताऱ्यात कुठले तुम्ही?"

ते गृहस्थ कराडचे निघाले. पलीकडच्या रानात सकाळपासून बसून आमचं सगळं ऐकत होते. मग दोघांत कंदी पेढे झाले, कास पठार झालं, कोणाची तरी मावसबहीण कोणाच्या तरी आत्याच्या घरात दिलेली निघाली. दोघंही आता अगदी शिस्तीत "ओव्हर" म्हणत होते. मी मधे घुसायचा प्रयत्न केला. चॅनेल रिकामंच मिळेना.

तेवढ्यात टेकाडाआडून, कुठल्याही यंत्राविना, शेजाऱ्यांची आरोळी आली. तिचं भाषांतर मी इथे देत नाही. पण कायद्याला अभिप्रेत असलेला संपर्क आमच्या टोळीत दिवसभरात तेव्हा पहिल्यांदा झाला.